दव सुकेपर्यंत

त्या वर्षी पाऊस गेला, पण ओल काही गेली नाही. निरोप घेतलेल्या पाहुण्याने उंबऱ्यावरच पुन्हा बैठक मारावी, तशी ती शेताशेतांतून मुक्काम ठोकून राहिली. पहाटे धुके इतके खाली उतरे की बांधावरून चालणाऱ्याला आपलेच पाय दिसू नयेत. तंबाखूच्या रुंद, चिकट, लवदार पानांवर दव असे साठे की पान जरा कलते केले तर ओंजळभर पाणी थेट बाहीत शिरे.

त्या पानांत टोळी उजाडता उजाडता उतरत असे. बुंध्याजवळची पिकलेली पाने आधी तोडायची, वरची पुढच्या फेरीला. उजव्या हाताने पान खाली दाबले की देठाशी टचकन मोडते. ते डाव्या काखेत सारायचे, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. काख भरली की बांधावरच्या गोणपाटावर थप्पी लावायची आणि पुन्हा सरीत शिरायचे. काखेतून निथळणारे पाणी बरगड्यांवरून कमरेपर्यंत उतरे. अंगातले कपडे अंगालाच चिकटत. पानांचा चीक हातांवर काळ्या डिंकासारखा चढे आणि तो साबणालाही दाद देत नसे.

या टोळीत सुनेचा हात सर्वांत चलाख होता. तिच्या सरीत मागे एकही पिकले पान राहत नसे आणि एकही कच्चे पान मोडत नसे. लग्नाला वर्षे झाली होती, घरात मूल नव्हते. पण हाताच्या या चलाखीने तिला त्या घरात एक जागा मिळवून दिली होती, आणि ती जागा ती जिवापाड जपत होती. सासू टोळीची मुकादम. आवाज असा की या बांधावर बोलली तर पलीकडच्या शेतातले बैल कान टवकारत. टोळीतले लोक तिला पाठीमागे 'तोफ' म्हणत. समोर म्हणण्याची छाती फक्त सासऱ्याची होती. तो म्हातारा सुकवणीच्या भट्टीशेजारच्या मांडवात बसून पाने काठ्यांना बांधी, आणि त्याच्या गालात तंबाखूचा बार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत भरलेला असे.

त्या दिवशी ऊन बरेच वर आले होते. सून थप्पी लावायला वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोर सरी एकमेकींत मिसळल्या. तिने बांधाचा आधार घेतला. अंगाला गार घाम फुटला, तोंडात पाणी सुटले, आणि पोटातले सारे उलटून गवतावर पडले.

"काय गं? काय झालं?" सासू धावत आली.

"काही नाही, आत्याबाई. मळमळतंय जरा."

"आजच?"

"नाही. चार-सहा दिवस झाले. रोजच होतंय."

सासूचा चेहरा आधी आक्रसला, मग हळूहळू उजळला. "आणि मला आज सांगतेस? अगं, ऊठ. नको, बस. पाणी पी. आजपासून ओझं उचलायचं नाही, थप्प्या मांडवात न्यायच्या नाहीत. इथंच सरीत हळूहळू पानं तोडत राहा. ते काम हलकं."

तोफेच्या तोंडून सुटलेली बातमी. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत टोळीत पसरली आणि संध्याकाळी पाणवठ्यावर पोहोचली. टोळीतल्या पैलवानाने तर, म्हणजे आडव्या अंगाच्या त्या तरुण पोराने, सुनेचे नावच बदलले. "सरका, पोटुशीला वाट द्या," असे तो म्हणे, आणि बाया हसत. त्या हसण्यात तेव्हा माया होती.

सुनेला मात्र आतून खात्री वाटत नव्हती. जे तिला होत होते ते आनंदासारखे नव्हते. डोळे मिटले की जमीन फिरे, झोप लागता लागता उडे, कपाळ ठणके. आणि भट्टी भरलेली असली की तोडणीला सुट्टी असे, त्या दिवशी ती ठणठणीत असे. भात पुन्हा वाढून घेई. सासू म्हणे, "बघा, दोघांचं जेवतेय!" आणि सून मान खाली घालून जेवत राही. माणसाला जे हवे असते ते कुणी त्याच्या पदरात टाकू लागले, तर हे माझे नव्हे म्हणून झटकणे सोपे नसते. नवरा भट्टीवर जाळ सांभाळी. स्वभावाने इतका अबोल की लाकूडही त्याच्यापेक्षा जास्त तडतडे. पण एका दुपारी तिने पाहिले, मांडवाच्या मागे तो चार फळ्या रंधून गुळगुळीत करत होता. पाळण्याला पुरतील एवढ्या.

मग एका सकाळी तिच्या अंगानेच उत्तर दिले.

ती न्हाणीच्या दारात उभी राहिली आणि पाळी आल्याचे तिने सासूला सांगितले. सासू भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"मग ओकत होतीस ती कशानं?"

"मला काय माहीत, आत्याबाई?"

"तुझं पोट, आणि तुलाच माहीत नाही?"

एवढेच. सासूने पुन्हा भांडे घासायला घेतले, जरुरीपेक्षा जोरात. पण ते वाक्य सुनेच्या मानेवर ओल्या पानासारखे चिकटून बसले. त्या दिवशी सासू पाणवठ्यावर गेली नाही. रंधलेल्या फळ्या भट्टीच्या दाराला टेकू म्हणून लागल्या. भट्टीत लाकूड सारताना नवरा उगाचच जाळाकडे पाहत राहिला.

'पोटुशी' हे नाव मात्र गेले नाही. नाव देणे सोपे असते. परत घेण्याची आठवण कुणाला होत नाही. आता बाया हसत तेव्हा खाली बघून हसत. ओकारी येतच राहिली. सून दूरच्या कुंपणापाशी जाऊन, कुणाला दिसणार नाही अशी ओकून येई आणि तोंड पुसून पुन्हा सरीत शिरे. तिचा हात मंदावला. गालफडे बसली. एक दिवस थप्पी उचलताना ती कोलमडली, तेव्हा सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "असंच चाललं तर हंगाम संपेपर्यंत माहेरी जाऊन राहा. इथं कुणाला दुसऱ्याच्या वाटणीचं तोडायला वेळ नाही."

सून ती सारी रात्र जागी होती, पण या खेपेला मळमळीमुळे नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून ती पाहू लागली. दुसरे काही हातात नसले की माणूस निदान पाहू तरी शकतो. पैलवान कुंपणापलीकडे ओकताना तिला दिसला, बायांनाही दिसला, आणि "काय पैलवान, कितवा महिना?" म्हणून त्यांनी त्याला पळता भुई थोडी केली. तो म्हणाला, शिळे खाल्ले. नवरा भट्टीवर सुक्या जागी काम करी, त्याला कधीच काही होत नसे. एकदा तिला पूर्वेच्या चढावर पाठवले होते, तिथे ऊन आधी लागते, पाने कोरडी होती; त्या दिवशी पोट शांत राहिले. हे सारे तिने मनात एकापुढे एक मांडून ठेवले, पण सांगणार कुणाला? जिचे स्वतःच्या पोटाबद्दलचे बोलणे कुणी ऐकत नाही, तिचे शेताबद्दलचे कोण ऐकणार?

त्याच सुमारास सासूची दाढ सुजली. दात काढणाऱ्याने ती उपटली आणि बजावले, जखम भरेपर्यंत तोंडात तंबाखू नको. जखम भरली तरी सासूने भीतीने बार भरला नाही. तिचा पारा चढलेलाच असे. सासरा म्हणे, "दाढ एकच गेली, पण चावते पहिल्यापेक्षा जास्त!"

आणि मग, धुके सर्वांत दाट उतरले त्या सकाळी, दोन सरी तोडून झाल्यावर, टोळीला हाका मारता मारता तोफ मध्येच थांबली. कुणाला कळेना काय झाले. ती बांधावर बसली, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि भडभडून ओकली.

मांडवातून सासरा लगबगीने आला. बायकोला काही गंभीर झालेले नाही एवढे पाहिले आणि त्याला राहवले नाही. "अगं, या वयात! निदान माझ्या कानात तरी सांगायचं होतंस!"

"हसा," सासू हुंदका गिळावा तशी बोलली. "मी बरी झाले की मग बघते तुमच्याकडे."

सून तिच्याजवळ उकिडवी बसली. तिच्या लुगड्यावरचा भिजलेला सदरा काढून आपला कोरडा चादरीचा तुकडा तिच्या खांद्यांवर टाकला, घागरीतल्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत धुतले.

"गार घाम सुटलाय?"

"हो."

"डोळे मिटले की जमीन फिरते?"

"फिरते गं बाई. धर मला."

"आज झोप लागणार नाही, आत्याबाई. लागली तर उडेल. आणि उद्या तोडणी नसली तर उठाल ते अगदी चांगल्या."

सासूने डोळे उघडले. ती सुनेकडे वळली. "तुला हेच होत होतं?"

"हेच."

"रोज?"

सुनेने पदराने तिचे हात पुसले.

"मग मला आजवर का नाही झालं कधी? जन्म गेला माझा या पानांत."

"तुमच्या तोंडात बार असायचा. मामंजींच्या तोंडात असतो. ज्यांच्या अंगाला सवय आहे त्यांना कळत नाही. पैलवान खात नाही, मी खात नाही, आम्हाला लागतं. तुम्ही सोडलीत, तुम्हाला लागलं. तंबाखू खाऊनच लागते असं थोडंच आहे, आत्याबाई? पान ओलं असलं की काखेतून, कातडीतून आत उतरते. कोरड्या पानानं मला काही होत नाही. आणि एवढं दव याआधी कधी पडलं होतं?"

सासूने आपल्या काळ्या पडलेल्या तळव्यांकडे पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. मग ती सुनेचा हात धरून उठली. आवाज पुन्हा जागेवर होता.

"ऐका रे सगळे! माझ्या सुनेला मी तिच्याच पोटावरून खोटं पाडलं. खोटी मी होते. आणि आजपासून जो कुणी हिला त्या नावानं हाक मारील, त्याची काख मी स्वतः ओल्या पानांनी भरीन!"

पैलवानाने मान खाली घातली. सरींवरचे धुके जागचे हलले नव्हते, पण सुनेला वाटले, छातीवरचे काहीतरी उचलले गेले आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा टोळी सरीत नव्हती. ओळीने बांधावर बसली होती. मालक आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात भट्टी सदा पेटलेली.

"काय हो मुकादमबाई, सभा भरलीय का?"

"दव सुकायची वाट बघतोय, मालक."

"दव? दवानं कुणी मेलंय का आजवर?"

"मेलं नाही. पण जगलं कसं ते आम्हाला विचारा."

सासूने सारे सांगितले. मालकाने ऐकून घेतले आणि हात झटकला. "नाटकं आहेत. आत्ता तोडलं तर दुपारी काठ्यांवर, दिवस बुडायच्या आत भट्टीत. उशीर झाला की पान ढिगात तापतं, काळं पडतं. दुसरी टोळी आणीन मी."

"आणा. पोटं त्यांनाही असतील."

"अहो, मी आयुष्यात तंबाखू तोंडाला लावलेली नाही. लहानपणी याच सरींत पानं तोडलीत. मला कधी काही झालं नाही!"

सून पहिल्यांदाच बोलली. "या दवात तोडली होतीत, मालक?"

मालक तिच्याकडे वळला. तिला वाटले, आपण जमिनीत गडप व्हावे. पण सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तोडून बघा मग. एक सरी, काख भरून. तुम्हाला काही झालं नाही तर आम्ही मुकाट्यानं उतरतो, आणि पुन्हा तोंडातून शब्द काढत नाही."

मालकाने अंगातला कोट काढून कुंपणावर टाकला.

तो धुक्यात शिरला. पाने मोडल्याचा आवाज येत राहिला. हात जुना होता, विसरला नव्हता. काख भरून तो परत परत बांधावर आला, सदरा निथळत होता, आणि दर वेळी चेहरा अधिकच ताजा दिसत होता. आपला सगळा खरेपणा आता एका परक्या माणसाच्या पोटावर जाऊन बसला आहे, हे सुनेला उमगले. याला काही झालेच नाही तर? तर ती पुन्हा खोटी ठरणार होती, आणि या खेपेला सासूसकट.

धुके उठले. सरी संपली. मालक बाहेर आला, केसांतले पाणी झटकले आणि छाती पुढे काढून हसला. "काय? कुठं काय झालं? भूक तेवढी लागलीय!"

कुणी वर पाहिले नाही. सासूने शब्द दिला होता. ती उठली, तिच्यामागे टोळी उठली, एकेक जण खाली मान घालून सरीत उतरला. "कातडी जाड असते काहींची," पैलवान पुटपुटला. सून सर्वांत शेवटी उतरली. पाने तोपर्यंत जवळजवळ सुकली होती, पण तिच्या डोळ्यांना ती ओलीच दिसत होती.

"लगेच नाही लागत, आत्याबाई," ती सरीतून जाता जाता हळूच म्हणाली. "मलाही ऊन वर आल्यावरच लागायचं."

"देव करो आणि लागो," सासू म्हणाली, आणि स्वतःच्या बोलण्याने दचकली.

जेवणाच्या सुट्टीत सारे मांडवात जमले. मालक काठ्या मोजत होता, अंगात अजून तोच दमट सदरा. "ही काठी सैल बांधलीय," तो सासऱ्याला म्हणाला, "आणि ही..." वाक्य तिथेच राहिले. त्याने मांडवाचा खांब धरला. चेहऱ्यावरचा रंग राखेसारखा उतरत गेला. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि सांगण्याऐवजी मांडवाच्या कडेला जाऊन वाकला.

कुणीही हसले नाही. ज्याला त्याला आपापली सकाळ आठवली असावी.

सून पाणी घेऊन गेली. "सदरा काढा, मालक. त्यातच आहे ते. हात पुढं करा." तिने त्याचे हात धुतले, मानेवर पाणी ओतले. तो लहान मुलासारखा मान झुकवून बसला होता.

सासरा मागून म्हणाला, "मालक, काही गोड बातमी असली तर आमच्यापासून लपवू नका हं!"

"अहो!" सासू कडाडली. पण मालकच हसला, आणि हसता हसता पुन्हा वाकला.

बऱ्याच वेळाने त्याला बोलता आले. "रोज होतं असं?"

"रोज," सून म्हणाली.

"आणि तरी तुम्ही रोज उतरता?"

सुनेने त्याच्या हातांवर आणखी पाणी ओतले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "पण भट्टीचं काय करू? पान थांबत नाही."

तेव्हा भट्टीच्या दाराशी उभा असलेला नवरा बोलला. टोळीतल्या निम्म्या लोकांनी त्याचा आवाज त्या दिवशी प्रथमच ऐकला. "भट्टीला सूर्य कुठं कळतो, मालक? दिवस बुडाल्यावर भरू. ढीग लावायचा नाही, काठ्या भरतील तशा मांडवात टांगत जायच्या, पान तापणार नाही. जाळ उशिरा लागेल, एवढंच. जागायचं मला आहे. मी जागेन." एवढे बोलून तो घाबरल्यासारखा झाला. मग बायकोकडे पाहून त्याने, कुणी विचारलेले नसताना, आणखी एक वाक्य जोडले. "ती कधीच खोटं बोलत नव्हती."

मालकाने ओला सदरा पायाने दूर सारला. "दव सुकल्यावर उतरा," तो म्हणाला. "आणि मांडवाशी पाण्याची टाकी बसवून देतो. हात धुवायला."

"आणि कोरडे कपडे बदलायला आडोसा," सासू म्हणाली.

"आणि आडोसा."

"आणि काखेला बांधायला मेणकापड. कधी दव रेंगाळलं तर."

"मुकादमबाई, मला आधी नीट बसू द्या!"

त्यावर मात्र सारा मांडव हसला.

धुके त्यानंतरही पडतच राहिले. ते कुणाच्या शब्दावर थोडेच चालते? पण आता टोळी त्याच्याशी झगडत नव्हती. बांधावर पसरून बसायची. बाया गोणपाटाच्या फाटक्या कडा शिवत, पैलवान कुणाची तरी नक्कल करून दाखवी, म्हातारा मांडवातून त्याला कमी गुण देई. शेजारच्या शेतांतल्या टोळ्या आधी हसल्या, मग थांबून विचारू लागल्या, आणि एके दिवशी पलीकडच्या बांधावरही माणसे ओळीने बसलेली दिसली. सुनेची गालफडे भरू लागली. तिचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. पण कितीही चलाख झाला तरी त्या हाताला आता आणखी एक काम मिळाले होते.

ऊन सरींवर उतरू लागले की ती एकटीच उठून शेतात जाई. खालचे एक पान, मधले एक, सावलीतले एक. पानाच्या पाठीवरून ती मनगटाची आतली बाजू फिरवी, मग गाल टेकवी. पानांना थंडपणाचा एक शेवटचा श्वास असतो. तो सुटला की नाही हे ती अजिबात घाई न करता ऐकत राही.

अशाच एका सकाळी मालक कुंपणापाशी येऊन उभा होता. भट्टी रिकामी, आकाश निरभ्र, आणि त्याचा जीव खालीवर. सासू उठून उभी राहिली होती, पैलवानाने बाह्या सरसावल्या होत्या. सारे तिच्याकडे पाहत होते. तिने सावलीतल्या पानावरून गाल उचलला. त्यावर बारीकसा ओलावा होता, दुसऱ्या कुणाला जाणवलाही नसता.

"अजून नाही," ती म्हणाली.

मालकाने तोंड उघडले, मिटले, आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. टोळी पुन्हा खाली बसली. तोफसुद्धा निमूटपणे बसली, आणि सुनेसाठी आपल्या शेजारची जागा हाताने झाडून साफ करू लागली.